काळं झबलं

ब्रोसार्ड, मॉन्ट्रियलजवळ
२ फेब्रुवारी २०२५

ती. मंदाताईस,

उमाचा वाकून नमस्कार. तुझं पत्र आणि चांदीचे वाळे पोचले. ह्यांचा गुडघा अजून कुरकुरतो, तरी सकाळी उठून बर्फ शोव्हल करायला जातातच. ऐकतील तर शपथ!

तू लिहिलंस, "सात महिने झाले, तुझ्या केयाच्या ओजसचा फोटो का नाही? फ्रेंच बापाचा लेक, गोरापान असेल." ताई, ते वाचून मी पत्र उशीखाली सारलं. तुझ्यामुळे नाही गं.

आधी बोरन्हाणाचं सांगते. आमच्या बेसमेंटमध्येच केलं. बोरं कुठली मिळायला, कुरमुऱ्यांत ब्लूबेरी घातल्या. काळं झबलं मी हाताने शिवलं. हलव्याचे दागिने सुरेखाने आणले. ही इथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष, तोंडाने फटकळ.

केयाच्या सासूबाई, लूर्द, सकाळपासून माझ्याबरोबर तीळ भाजत होत्या. मी आपलं शहाणपणाने विचारलं, "तुम्हा आफ्रिकन-अमेरिकन लोकांत असलं काही असतं का?" बाईंनी गॅस बारीक केला. म्हणाल्या, "मी अमेरिका पाहिलेलीसुद्धा नाही, मादाम. मी हैतीची. इथे विमानातून उतरले आणि 'न्वार' झाले, म्हणजे काळी. माझा भाऊ बॉस्टनला असतो, त्याला तुमचा शब्द चिकटवतात. तो म्हणतो, ज्यांच्या पिढ्या तिथे गुलामीत राबल्या त्यांचा तो शब्द, मी हैतीचाच." मग हसल्या. "आमच्या गावात परक्या माणसाला 'ब्लाँ' म्हणतात, गोरा. तुम्ही आलात तर तुम्हीही ब्लाँ!"

आणि मला बरं वाटलं. क्षणभर का होईना, वाटलं. जिला रंगापायी तीन स्थळांनी नाकारलं, त्या मला!

संध्याकाळी ओजसला पाटावर बसवलं. सुरेखा म्हणाली, "उमाताई, काळं झबलं उगाच शिवलंत. नुसते दागिने घातले असते तरी चाललं असतं!" बायका खो खो हसल्या, सगळ्या काळ्या साड्या नेसून. लूर्दबाईंना काही कळलं नाही, त्याही आमच्याबरोबर हसल्या. जावई रुबेन्स फोटो काढत होता, तोही हसला. केया मात्र हसली नाही. ती उत्तरं इंग्रजीत देते, पण मराठी तिला सगळं कळतं.

तिने ओजसला उचललं, झबलं काढलं, स्नोसूट चढवला. मी दारापर्यंत धावले. म्हटलं, "सुरेखाचं काय मनावर घेतेस? मी चांगली झापते तिला."

"इट्स नॉट हर, आई. यू लाफ्ड."

हो, हसले. सगळ्यांत मोठ्याने. शी! मला माझीच किळस येते गं. तोंड धुताना आरशात बघवत नाही.

मग तिने विचारलं, "डझ मंदामावशी इव्हन नो?"

ताई, जावई फ्रेंच नाही. तो फ्रेंच बोलतो, एवढंच. रुबेन्स इथेच मॉन्ट्रियलला जन्मला, आईवडील हैतीचे, आणि तो काळा आहे. शाळेत गणित शिकवतो, ह्यांचा गुडघा स्वतः चोळून देतो. लग्नाचा अल्बम कुरियरवाल्यांनी हरवला म्हणून कळवलं होतं, तेही खोटं. तो माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

केया म्हणते, मावशीला खरं कळवेपर्यंत बाळ या घरात येणार नाही. दोन आठवडे झाले. तिच्या धाकाने लिहितेय म्हणशील, तर म्हण. झबलं अजून सोफ्यावर पडलंय.

सोबत फोटो आहे, रुबेन्सने त्याच वेळी काढलेला. ओजस रंगाने थेट माझ्यावर गेलाय. त्याच्या मागे तोंड उघडून हसतेय ती मी. तेवढा भाग कापायला कात्री घेतली होती, पण नाही कापला. नीट बघ.

तुझी बहीण,
आणि तो पुन्हा घरी आला, तर ओजसची आजी,
उमा