शेरूच्या चटया

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे, शेरूचे, मागचे पाय गुळगुळीत फरशीवर टिकत नाहीत, म्हणून मी हॉलभर रबरी चटया अंथरल्या होत्या. त्यांवरून तो पुन्हा दारापर्यंत जाऊ लागला होता. आज ताईला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून आईने त्या गुंडाळून ठेवल्या. "घर हाय का गोडाऊन?"

बेल वाजली. शेरू सवयीने दाराकडे निघाला आणि मागचे पाय फाकून आपटला. ओरडलाही नाही. पोटाखाली टॉवेल घालून मी त्याला उचललं आणि कोपऱ्यात नेऊन बसवलं.

पाहुणे गेल्यावर आईनेच चटया अंथरल्या आणि त्यांवर बसली. "ये रे, आता नाय काढनार." शेरू कोपऱ्यातून नुसता बघत राहिला.

मागचे पाय दुखावलेत, की धीर गेलाय? पाय उद्या डॉक्टर बघतील.