सुकेळी मळकी दिसली ते वर्ष

आई, तुझ्या डाव्या डोळ्याबद्दल लिहायचं आहे. तू असताना हा विषय कधी काढू दिला नाहीस.

आगाशीच्या आपल्या अंगणात राजेळी केळी सोलून उन्हात घातलेली असत. सुकेळं झालं की नाही हे तू घरच्या रीतीने ठरवायचीस. उजवा डोळा मिटायचा, ते उन्हासमोर धरून डाव्याने बघायचं, आरपार मधाचा रंग दिसला की उतरवायचं. त्या वर्षी तू एकेक सुकेळं धरतेस आणि परत पसरतेस. "अजून मळकं हाय. उन्हाला जोरच नाय." सुकेळी लाकडासारखी कडक झाली, बाजारातून परत आली. बाबांनी उन्हाला शिव्या घातल्या, मी केळ्यांना नावं ठेवली. तुझ्या डोळ्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. दोन्ही उघडे असले की तू सुईत दोरा ओवत होतीस. शेवटची खेप मात्र झकास उतरली. ऊन सुधारलं म्हणून बाबा खूश.

गणपतीपर्यंत त्या डोळ्याला समोरचं माणूस दिसेना. मुंबईच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, पडद्याखाली एक बारीक अळी फिरतेय, जिवंत. मातीतून पोटात गेली असावी. सुरुवातीला दुखत नाही, डोळा लालही होत नाही. कधी नुसते रंग फिके पडतात, आणि दुसरा डोळा ते सांभाळून घेतो. लेसरने ती मारता आली. गेलेली नजर परतणार नव्हती. मी मान हलवत ऐकत होते, कुणा परक्या बाईचं चाललं असावं तसं.

"रंग वेगळा कधीपासून दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"चैत्रातच कळलं," तू म्हणालीस. "एकच सुकेळं आधी डाव्याने बघितलं, मग उजव्याने. डाव्याने मातीसारखं, उजव्याने मधासारखं. मग उजव्यानेच बघायला लागले."

"आणि बोलली नाहीस?" मी विचारलं.

"केळी सोलून पडलेली. म्हटलं, हंगाम आटोपू दे."

चैत्रात आला असतात तर बरीच नजर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. तू पदर सावरलास आणि विरारची गाडी किती वाजता आहे ते विचारलंस.

विचारणाऱ्यांना मी अजून सांगते, आईला उशिरा कळलं. तू हे वाचणार नाहीस म्हणून लिहिते: त्या अळीचा मला कधीच राग आला नाही. तुझा आला, आणि अजून येतो.