तहानेची ओळ

अप्पा, काल दुपारी मी ते सगळं ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकदाही न उठता. नातीनं तिच्या फोनवर शोधून दिलं. फोनवरच्या चित्रात तेच तपकिरी खोकं होतं, तीच सोनेरी अक्षरं, फक्त दोन बोटांएवढं. "आज्जी, हे तर फार जुनं रेकॉर्डिंग आहे, पण लोक अजून हेच ऐकतात म्हणे," ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या आईवडलांच्या, अप्पा-अव्वांच्या घरात होतं हे. तिला खरं वाटेना. उदगीरकडच्या आपल्या दोन खोल्यांत, विभूतीच्या डबीशेजारच्या फळीवर, जर्मन भाषेत गायलेली ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसाची कथा काय करत होती, हे तिला सांगायला बसले आणि सांगता सांगता अडले. तिला सांगता येईना ते तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. नांदेडला मी आता कायमची राहते, गोदावरी जवळ आहे, आणि यंदा उन्हाळ्यात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं.

मोठ्या दुष्काळात परदेशातून बोअरच्या गाड्या आल्या होत्या. तिकडच्या चर्चच्या लोकांनी पाठवलेल्या. तुम्ही उर्दूत चौथी शिकलेले, आडत दुकानात पोती मोजणारे, एका ओळखीनं त्या गाडीवर लागलात आणि वर्षभरात गाडीवरचे मुख्य झालात. कारण तुमचे कान. जमिनीत छिद्र पाडणारा तो दांडा खाली जाताना जो भयंकर आवाज व्हायचा, त्यात तुम्हाला पाणी ऐकू यायचं. वर उडणारी दगडाची भुकटी ओली होण्याआधीच तुम्ही हात वर करायचात. गाडीवरच्या गोऱ्या इंजिनिअरला तुम्ही सगळे लांब्या साहेब म्हणायचात. त्याला मराठीतले तीनच शब्द येत, पाणी, भाकर आणि चला, पण तुमचा हात वर गेला की तो घड्याळात बघायचा आणि मिनिटं मोजायचा. त्यानं सगळ्यांना कानावर घालायची गादीची झाकणं दिली होती. बाकीच्यांनी घातली. तुम्ही खुंटीला टांगून ठेवली. "कान झाकल्यावर पानी कसं ऐकू यील?" असं तुम्ही अव्वाला म्हणालात ते मला नीट आठवतं, कारण अव्वा हसली होती. आम्ही सगळेच हसलो होतो.

मी तेव्हा बारा वर्षांची असेन. एकदा मी तांदूळ धुतलेलं पाणी अंगणात फेकलं. तुम्ही दारातच उभे होता. मारलं नाही, रागावलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवलंत आणि गाडीवर घेऊन गेलात, भोकरच्या पुढच्या एका गावात. त्या गावात दोन बोअर कोरडे गेले होते, तिसरा चालू आहे. सगळं गाव गोल उभं आहे. कुणी बोलत नाही, बोललं तरी ऐकू येणार नाही. छिद्रातून राखेसारखी भुकटी उडते आहे आणि बायकांच्या डोक्यावर, घागरींवर, पापण्यांवर बसते आहे. तुम्ही लोखंडी नळीला कान लावून बसला आहात, डोळे मिटून, विभूती लावलेल्या कपाळावर घामाच्या रेघा. मग यंत्र थांबलं. एक म्हातारी पुढं आली. "लागलं का रं?" तुम्ही नाही म्हणून मान हलवली. तिनं वाकून चिमूटभर भुकटी उचलली आणि जिभेवर ठेवली. ओली आहे का बघायला. बराच वेळ तिनं ती तोंडात धरली आणि मग थुंकली नाही, गिळली. घरी येताना तुम्ही मला एवढंच विचारलंत, "बगितलंस?" मी हो म्हटलं. तांदळाच्या पाण्याचं नाव तुम्ही परत कधी काढलं नाहीत.

त्याच दिवशी, मला म्हातारीसोबत बाभळीखाली बसवून, तुम्ही साहेबाच्या तंबूत गेला होता. त्याच्याकडं बॅटरीवर चालणारं, गाण्याच्या तबकड्या वाजवायचं यंत्र होतं. तिसरा बोअर कोरडा गेला की तो ते लावायचा, हे गाडीवरचे लोक सांगत. मला बाहेर काही नीट ऐकू आलं नाही, नुसता बायकांसारख्या आवाजाचा एक उमाळा येऊन गेला. पण तुम्ही बाहेर आलात ते वेगळेच दिसलात. साहेब दोन महिन्यांनी मायदेशी गेला तेव्हा ते खोकं त्यानं तुम्हाला दिलं. यंत्र दिलं नाही, ते संस्थेचं होतं. तीन तबकड्या, वाजवायला काही नाही.

अव्वा त्यांना तवे म्हणायची. "ह्या तव्यावर काय भाकरी भाजायच्या का?" तुम्ही दर सोमवारी शिवपूजा झाली की त्या बाहेर काढायचात, मऊ धोतराच्या तुकड्यानं कडेकडेनं पुसायचात, परत ठेवायचात. एकदा अव्वानं विचारलं, ह्यात हाय तरी काय. तेव्हा तुम्ही सांगितलंत, साहेबानं खाणाखुणा करून तुम्हाला सांगितलेलं.

"येक मानूस हाय. त्येला खांबाला ठोकलंय, मरून राहिलाय. आपल्यासाठी कायबी मागत न्हाई. आन् शेवटाला तेवढं म्हणतो, की तहान लागली. साहेबानं बोट वर करून मला दावलं, बग, हितं. एवढुसंच हाय. आलं आन् गेलं."

"मग दिलं का कुनी पानी?"

"आंबट कायतरी दिलं म्हणं."

"मुडदा बशिवला त्यांचा," अव्वा म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

तुम्ही ते आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. पण ती ओळ तुमच्या डोक्यात राहिली. पुन्हा एकदा ऐकायचं, असं तुम्ही म्हणायचात, धर्माबादला कुणाकडं यंत्र आहे म्हणे, देगलूरच्या शाळेत आहे म्हणे. जमलं नाही. आणि त्या वर्षांत तुमचे कान जात होते. आम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही आधीपासूनच मोठ्यानं बोलायचात, गाडीवरची सवय. मग एका गावात नळी निसटली, वरून माणूस ओरडला, तुम्हाला ऐकू आलं नाही. तुमच्या हाताखालच्या माणसाची दोन बोटं गेली. त्यानं तक्रार केली नाही. तुम्हीच दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलंत की मला आता काढा.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीत माणसं हवी होती. मी परीक्षा दिली, टंकलेखनावर लागले. गंजगोलाईच्या मागं एक खोली घेतली आणि तुम्ही माझ्यासोबत राहायला आलात, अव्वा शेताकडं बघायला गावीच राहिली. पाऊस त्या वर्षीही ओढ देऊन बसला होता. जिल्ह्याच्या सोहळ्याला तुम्ही गेलात, मी कामावर होते, मांडवाच्या कडेला. तिथून तुम्ही दिसलात. भोंगा लावलेल्या खांबाला टेकून, भोंग्याच्या अगदी खाली उभे. लोक कानात बोटं घालून तिथून सरकत होते आणि तुम्ही मान तिरपी करून वर बघत होता. भाषण संपल्यावर मी आले तर मला म्हणालात, "कोण बोलून राहिलंय? अजून चालू झालं न्हाई का?" टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या.

त्या दिवसानंतर मी तुमच्याशी चांगली वागायला हवी होती. मी तसं ठरवलंही होतं. पण दिवसभर कचेरीत टाइपरायटर बडवून आल्यावर प्रत्येक वाक्य तीनदा ओरडून सांगायचं, शेजारची दारं उघडायची, घरमालकीण डोकवायची. तुम्ही विचारायचात, "काय म्हणली ती?" आणि मी हातानंच सांगायचे, काही नाही, जाऊ द्या. काही महिन्यांनी मी कुठल्याच गोष्टीला दुसरं उत्तर देईनाशी झाले. तुम्ही विचारणंही कमी केलंत. मग तुम्ही माझ्या तोंडाकडं बघायला लागलात, ओठांकडं. मला तेही आवडायचं नाही.

कचेरीतल्या एका बाईंकडं वाजवायचं यंत्र आहे असं कळलं आणि मी ते एका रविवारपुरतं मागून आणलं. चांगल्या मनानंच आणलं, अप्पा. तुम्ही आंघोळ करून, विभूती लावून, नवं धोतर नेसून बसलात, जसं कुणी पाव्हणं येणार आहे. मी पहिली तबकडी लावली. सुरुवातीलाच खालून एकसारखी धडधड सुरू होते, थांबतच नाही, आणि तिच्या वर दोन शिट्ट्या एकमेकींना घासत राहतात, आणि मग माणसांचा मोठा घोळका एकदम हाक मारतो. तुम्ही माझ्याकडं बघत होता. चेहऱ्यावर काही नाही. मी आवाज होता तेवढा वाढवला. मग तुम्ही पुढं सरकलात आणि यंत्राच्या पेटीवर पंजा ठेवलात, आणि तुमचा चेहरा उजळला. "ही तर आपली गाडी हाय गं! येक नंबर चालून राहिली." मला हसू आलं. तुम्ही तसेच बसलात, हात पेटीवर, डोळे मिटून, जसे नळीला कान लावून बसायचात.

पहिली बाजू संपली. मी उलटी लावली. एक माणूस गोष्ट सांगत होता, मध्ये गर्दी ओरडत होती, मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. थोड्या वेळानं बाहेर गलका झाला. गल्लीत टँकर आला होता. मी घागरी उचलल्या. तुम्हाला टँकर ऐकू आला नव्हता. मला उठलेलं बघून तुम्ही विचारलंत, "तहानेचं आलं का?"

मी मान डोलावली. ओठ मोठे हलवून म्हटलं, "आलं. आत्ताच गेलं."

तुम्ही पेटीवरचा हात काढला आणि दोन्ही हात जोडलेत. बराच वेळ तसेच होता. मी दारातून बघितलं, यंत्र बंद केलं आणि पाण्याला पळाले. संध्याकाळी बाईंचा भाऊ येऊन यंत्र घेऊन गेला.

त्यानंतर तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात. घरमालकिणीला, किराणावाल्याला, गावी गेल्यावर अव्वाला. "माझ्या लेकीनं ऐकिवलं. ती वळ आली, मी हात जोडले." अव्वानं माझ्याकडं बघितलं. तिला तुमचे कान माहीत होते, मला वाटतं तिला मीही माहीत होते. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. झोपेतच, त्रास न होता. गावाबाहेर आपल्या माणसांच्या रिवाजानं तुम्हाला बसवून पुरलं, हातात इष्टलिंग दिलं. जंगम म्हणाले, पुण्यवान माणूस, लई गावांना पाणी पाजलं.

तेराव्यानंतर मी लातूरला येऊन तुमचं सामान आवरलं. त्या खोक्यात तबकड्यांच्या खाली एक पातळ पुस्तक होतं. दहा वर्षं ते तिथंच होतं. त्यात डावीकडं जर्मन आणि उजवीकडं इंग्रजी, सगळे शब्द, एकेक ओळ. मी इंग्रजी घेऊन बीए झालेली. तुम्हाला ते वाचता येत नव्हतं, मला येत होतं, आणि मी एकदाही उघडून बघितलं नव्हतं. मी जमिनीवर बसून वाचलं. ती ओळ तिसऱ्या तबकडीवर आहे, अप्पा. आपण तिच्या जवळपासही पोचलो नव्हतो. मी मान डोलावली तेव्हा त्या गोष्टीत त्याला नुकतंच पकडून आणलं होतं. त्याचा एक सोबती अंगणात शेकोटीपाशी उभा होता आणि मी ह्या माणसाला ओळखत नाही, असं म्हणत होता.

खोकं मी पुढं एका मिशनच्या शाळेला देऊन टाकलं. घरात ठेवणं झालं नाही. लग्न झालं, बदल्या झाल्या, नांदेड आलं. तुमच्यासारखा हात वर करणारा माणूस मला परत दिसला नाही. आता बोअरच्या गाड्या गल्लीबोळात येतात, एका रात्रीत आठशे फूट जातात आणि कोरड्याच परत जातात. कुणी नळीला कान लावत नाही.

काल ती ओळ ऐकली. तुम्ही सांगितलं होतं तशीच आहे, एवढीशी. मी वाट बघत होते, तरी चुकणार होती. एक घोट गिळायला लागतो तेवढाच वेळ. मग ते लोक त्याला आंबट काहीतरी देतात, ते तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. नातीनं विचारलं, "आज्जी, काय झालं?" मी हातानंच सांगितलं, काही नाही. मग तिच्या तोंडाकडं बघून मला लाज वाटली आणि मी तिला जवळ बसवून सांगायचा प्रयत्न केला. टँकरपर्यंत सांगितलं. टँकर आला म्हणून मला उठावं लागलं, असंच सांगितलं. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना तसंच सांगत आले, नवऱ्यालाही, आणि ते सगळे म्हणतात, त्या दिवसांत पाणी सोडून कसं चालेल.

हे पत्र धाडायला कुठं पत्ता नाही, म्हणून इथं तरी नीट लिहिते. त्या रविवारी आपलं पिंप गळ्यापर्यंत भरलेलं होतं. आदल्याच दिवशी मी भरलं होतं. टँकरला मी गेले नसते तरी चाललं असतं, अप्पा. मला कंटाळा आला होता.