शेडमागचं वासरू

प्रिय कॅलम,

गोठ्यामागच्या शेडपाशी टाकलेलं मेलेलं वासरू आज पाचव्या दिवशीही जसंच्या तसं पडून आहे. डोळे तेवढे कावळ्यांनी नेले. लहानपणी संध्याकाळी टाकलेल्या वासराचा सकाळी खूरही दिसायचा नाही; ते काळे, छोट्या कुत्र्याएवढे डेव्हिल रात्रीतून हाडांसकट फस्त करायचे. त्यांच्या किंचाळण्याने आई वैतागली की बाबा म्हणायचे, "ओरडू दे गं, सफाईवाले फुकट मिळालेत."

सध्या मी आपल्याच खोऱ्यात डेव्हिलची मोजणी करतेय. चाळीस सापळे, रोज उजाडताच फेरी. सापडलेलं जनावर पोत्यात घ्यायचं, जबडा बघायचा, वंश तपासायला कानाचा कणभर तुकडा कुपीत टाकायचा. मागच्या वेळी एकतीस मिळाले होते, या वेळी नऊ. शेजारचा ऑर्विल म्हणाला, "रोवेना, सापळे गंजलेत की तू?" मी हसले. त्याला सांगितलं नाही, की सहाव्या नराच्या गालात अक्रोडाएवढी गाठ होती.

तीच कर्करोगाची गाठ, एकमेकांना चावून पसरणारी. पूर्वेकडचे डेव्हिल तिनेच संपवले. पण नकाशावर तिची हद्द अजून आपल्यापासून साठ किलोमीटर लांब आहे. मधे काही नाही, आणि आपल्या खोऱ्यात एकटा लाल ठिपका. "आला असेल चालत एखादा," साहेब म्हणाले. काल कानाच्या तुकड्यांचा निकाल आला. नऊपैकी चार पूर्वेच्या रक्ताचे आहेत.

तीन वर्षांपूर्वीची ती मादी आठवते? रस्त्यात गाडीखाली आलेलं जनावर दिसलं की पोटावरची पिल्लांची पिशवी चाचपल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही बाबांची शिकवण. पूर्वेहून येताना तू थांबलास. मादी जिवंत, पिशवीत तीन पिल्लं. कोटात गुंडाळून घरी आणलंस. "रो, तिकडे ठेवली तर मरतील गं. आपल्याकडे रोग नाही." तिच्या ओठाची जखम मीच धुतली. गाडीने लागलंय, असं मीच म्हणाले. जबडे तपासायच्या नोकरीत मला तेव्हा चार महिने झाले होते.

अहवालात आपल्या दोघा भावंडांची नावं लिहिली आहेत, माझं आधी. हवं तर कायमचा अबोला धर. पण मादी शेडमागे सोडलीस तरी पिल्लं मोठी झाल्यावर, "एकत्र राहिली तर भांडतील" म्हणून तू ती तीन वेगळ्या ठिकाणी सोडून आलास. कुठे, ते तू सांगितलं नाहीस; मीही विचारलं नाही. आता विचारतेय. त्या तिन्ही जागी लावायला सोमवारी सापळे गाडीत चढवायचे आहेत, आणि कुठल्या रस्त्याला लागायचं ते फक्त तुलाच ठाऊक आहे.

तुझीच,
रो