मोरचूद न घातलेली खळ

आई, काल सुपेल्याच्या बाजारातून मोरचूद आणलं. दुकानदार म्हणाला, "आंटी, ये अब कौन लेता है, सब ट्यूबवाला गोंद ले जाते हैं." मी त्याला ऐकवलं, आमची होळीची कार्डं मैद्याच्या खळीनंच चिकटतात, आणि खळीत चिमूटभर मोरचूद पडलं नाही तर कागदाला कसर लागते. वाक्य तुझंच. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी तेच तोंडातून निघतं, आणि निघालं की माझा मलाच राग येतो.

आपल्या क्वार्टरचा व्हरांडा आठवतो. रविवारी बाबा स्कूटरवर कुम्हारीच्या बाजूला जाऊन थैलीभर पळसाची फुलं आणायचे. पाकळ्या जुन्या रजिस्टरात दाबून वाळवायच्या, मग लाईनीतल्या बायका-पोरी सतरंजीवर गोल बसायच्या. कार्ड हातोहात फिरतं. एक कागद दुमडते, दुसरी कातरते, तिसरी पाकळ्या मांडते, चौथी चिकटवते आणि शेवटी तू निळ्या शाईनं लिहितेस. कार्डावर नाव कुणाचंच नाही, सगळ्यांचं मिळून एक, हा तुझा नियम. पण पाकळ्या मांडायला दर वर्षी समोरच्या क्वार्टरमधली ती, माझ्याच वर्गातली. आणि मी खळीच्या भगुण्याशी.

एकदा मी भीतभीत म्हटलं, "आई, मले मांडू दे ना यंदा." तू मान वर न करता म्हणालीस, "तू घरची आहेस. घरच्या पोरीनं पुढं पुढं नाही करायचं. अन् बोट चाटू नको, मोरचूद आहे त्यात." तरीही तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा मी एका कार्डावर पाकळ्या मांडल्याच. बाहेर येऊन तू ते कार्ड उचललंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "कावून हात लावला? तिचा हात पाह्य, अन् तुहा हात पाह्य." बायका हसल्या. ती हसली नाही, खाली मान घालून बसली, आणि मला तेच जास्त झोंबलं. हसली असती तर निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी खळ शिजवताना मी एक वाटी मोरचूद घालायच्या आधीच बाजूला काढली. तिची कार्डं त्या वाटीतल्या खळीनं चिकटवली. त्यातलंच सगळ्यात देखणं कार्ड तू कुणाला दिलं नाहीस, स्वतःकडे ठेवलंस.

तू गेल्यावर तुझी पेटी मीच उघडली. लग्नाच्या शालूच्या घडीत ते कार्ड होतं. भोवती कडुलिंबाचा पाला, वर डांबराच्या गोळ्या. माझं शाळेतलं एक चित्रसुद्धा तू कधी असं जपलं नाहीस. कार्डाला कसर लागली होती. खरं सांगते, मला आनंद झाला. मग मी ते उजेडात धरलं. पाकळ्या काळ्या पडून सुट्या झाल्या होत्या, पण होत्या. तुझी शाईसुद्धा जागच्या जागी होती. खाल्ली होती ती फक्त खळ आणि तिच्याखालचा कागद. त्या कार्डावर माझं तेवढंच होतं, आई, आणि तेच गेलं. तुझ्याजवळ राहिली ती तीच.

आता कार्डांची बैठक माझ्या घरी असते. ती कुम्हारीहून बसनं येते, गुडघे दुखतात तरी सतरंजीवरच बसते. आजही आल्या आल्या म्हणाली, "काकी असती तर खुश झाली असती नं वं?" मी हो म्हटलं. तिच्या पाकळ्या अजून तशाच बसतात, सगळ्या बायका वाकून बघतात, आणि माझ्या पोटात अजून तसंच दुखतं. पन्नाशी उलटली तरी.

हे पत्र पाठवायचं कुठे? पाकिटात घालून तुझ्या पेटीत ठेवते आहे. आणि एक सांगायचं राहिलं. आजही खळ शिजवताना मी एक वाटी तशीच बाजूला काढली होती. तिच्या कार्डांना लावायला हात धजला नाही. हे पाकीट त्याच खळीनं चिकटवते आहे.