चौदाव्या होलवरचा दगड

ॲन्स ब्लाँश, ग्रेनेडाइन्स, वेस्ट इंडीज
ता. १२ फेब्रुवारी २००७

चि. क्लेमी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

सिप्रियनच्या कबरीचा दगड आला. शुक्रवारच्या बोटीने, तांदळाच्या पोत्यांत नीट टेकवून. चार जणांनी उचलून व्हरांड्यात ठेवला. रीतीप्रमाणे त्याचं तोंड भिंतीकडे केलंय आणि वर पांढरी चादर घातली आहे. शेजारपाजारचे येता-जाता दगडाला सिप्रियन म्हणून हाक मारतात आणि आज बोटीचं काम नाही का विचारतात. मीही मधूनमधून चार शब्द बोलते. उत्तर देत नाही. जिवंतपणी तरी कुठे देत होता!

तुझा भाऊ जानेवारीत दोनदा स्वप्नात आला. खाटेच्या कडेला बसला, डोक्यावर टोपी, बोट चुकलेल्या माणसासारखा. पाच वर्षं झाली, क्लेमी. दगड बसेपर्यंत माणूस ना इथला ना तिथला, हे मी तुला सांगायला नको. म्हणून पंचवीस एप्रिल ठरवली. तू तिकीट काढ.

पण एक घोळ झाला आहे. दगड बसवायची जागा साफ करावी म्हणून मी मंगळवारी कबरस्तानाकडे गेले, तर रस्त्यावर फाटक. सिल्व्हर हेरन, म्हणजे चंदेरी बगळा, अशा नावाचं जे रिसॉर्ट टेकडीपलीकडे उठलंय, त्याचं गोल्फचं मैदान आता आपल्या कबरस्तानाला गिळून समुद्रापर्यंत गेलंय. जमीन सरकारने भाड्याने दिली. त्यांच्या नकाशात आपली आजी-पणजी ‘हिरवी मोकळी जागा’ आहेत. वाट कायम राहील असं तेव्हा सांगितलं होतं. ती जानेवारीपर्यंत राहिली. कायम म्हणजे त्यांच्याकडे तेवढंच असतं.

फाटकावर ऑस्बर्ट होता, माझ्या मावसबहिणीचा मुलगा. त्याचं नाक मी पुसलेलं आहे. इस्त्रीची टोपी घालून, मावशी म्हणून मला टँटी, टँटी करत म्हणाला की फाटक सगळ्यांना खुलं आहे, तसा बोर्डच लावलाय, फक्त खेळायला आलेल्यांनाच आत सोडतात. मी विचारलं, मेलेल्यांना भेटायला आलेल्यांचं काय? तर म्हणाला, टँटी, त्याचा फॉर्म नाहीये.

मी बसूनच राहिले तेव्हा मॅनेजर आला. मि. विनफील्ड. गुलाबी, गोड बोलणारा. छत्री खोचलेलं सरबत दिलं, बॅटरीच्या गाडीत बसवून लांबूनच कबरी दाखवल्या आणि म्हणाला की चेंडू डोक्याला लागेल, तुमच्या काळजीपोटीच बंद केलंय. कबरस्तानाभोवती चुन्याची पांढरी रेघ मारली आहे आणि पाटी लावली आहे, ‘दुरुस्तीखालची जमीन’. माझ्या नवऱ्याची दुरुस्ती चालू आहे! एवढ्या कुरणात एक गाय नाही, एक बकरी नाही. आम्ही पावसाचं पाणी टाकीत जपून पितो आणि त्यांचं गवत दिवसातून दोनदा पितं.

सरबत मी प्यायले नाही. छत्री मात्र घरी आणली, कोंबडीच्या पिल्लांना उपयोगी पडेल.

मनात धरू नकोस, पण लवकर लिही. फोनवर तू रडतेस आणि बिल वाढतं.

तुझी,
युडोरावहिनी


हडर्सफील्ड
इंग्लंड
ता. २७ फेब्रुवारी २००७

ती. युडोरावहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चर्चमध्ये वाचून दाखवलं. आपल्या बेटावरची अठरा माणसं होती, अठराही जणांनी एकदम बोलायला सुरुवात केली, पाद्र्याने बिचाऱ्याने प्रवचन आवरतं घेतलं. मी तिकीट काढलंय. दोन मुलं, पाच नातवंडं, सगळी येतायत. भाऊ माझा आहे. त्याच्या दगडाला मी हात लावणार नाही तर कोण लावणार?

वहिनी, हे तुला कधी लिहिलं नाही. तो गेला त्या आठवड्यात इथे बर्फाने विमानतळ बंद होता हे खरं. पण दोनच दिवस बंद होता. तिसऱ्या दिवशी विमान होतं. मी सामान बांधून, कोट घालून जिन्यावर बसले आणि उठलेच नाही. वाटलं, गेले नाही तर तो अजून आहे. तू पाच वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. म्हणूनच सांगतेय.

तर आता हा विनफील्ड मला अडवणार? आमच्या इथे नगरपालिकेचं गोल्फ मैदान आहे. बसचा ड्रायव्हर खेळतो, खाटीक खेळतो, चर्चमधल्या आपल्या डॉर्कसचा नवरा हर्बर्ट तर गुडघा बदलून खेळतो. मी त्याला विचारलं की या खेळात एवढं सोवळं काय आहे. त्याने मला खेळाच्या नियमांचं पुस्तक दिलं आणि म्हणाला की गोल्फवाला बायकोचं ऐकणार नाही, पण या पुस्तकाचं ऐकतो. ते सोबत पाठवते. तू शाळा चौथीत सोडलीस, पण छापलेलं काहीही तुझ्या हातून न वाचता सुटत नाही. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचतेस.

सिप्रियनला हसू येत असेल. त्याने आयुष्यात काठीने एक साप मारला नाही, आणि त्याच्या अंगावर लोक काठ्या फिरवतायत.

माया आहे ती असू दे, खरं सांगितलं म्हणून आटवू नकोस.

तुझी,
क्लेमी


ॲन्स ब्लाँश
ता. २० मार्च २००७

चि. क्लेमीस,
अ. उ. आ. वि. वि.

तिसऱ्या दिवशीच्या विमानाबद्दल मला तेव्हाच कळलं होतं. डॉर्कसने लिहिलं होतं. तू जिन्यावर बसलेली होतीस हे कळलं नव्हतं. आता कळलं. संपलं.

आता कामाचं. आपल्या भागाचे निवडून आलेले साहेब येऊन गेले. त्यांना मी म्हटलं, वाट द्या. ते म्हणाले की मैदान तर सगळ्या जनतेला खुलं आहे, कराराच्या वेळी त्यांनी स्वतः भांडून ती अट घातली, पण आपले लोक खेळायलाच जात नाहीत त्याला ते काय करणार. आणि हसले. त्यांच्या शर्टावर त्या रिसॉर्टचाच बगळा भरलेला होता.

म्हणून मी लायब्ररीत गेले आणि करार मागितला. मिस अल्थियाने तीन दिवस शोधला, सापडला तो कुलूपबंद कपाटात, वादळाच्या माहितीपत्रकांखाली. एकशे दहा पानं. शेवटून दुसऱ्या पानावर आहे : बेटावर जन्मलेल्या वा राहणाऱ्या कोणालाही दर बुधवारी दुपारी दोननंतर सवलतीत खेळता येईल. दुपारी दोन, क्लेमी! त्या उन्हात पाहुणे वितळतात, म्हणून ती वेळ आपल्याला बहाल केली. बेटावर एकालाही हे माहीत नव्हतं. आता बावीस घरांना माहीत आहे.

पंचवीस एप्रिलला बुधवारच आहे. मी जाऊन नाव लिहिलं. कारकून पोरीने विचारलं की टँटी, पूर्वी कधी खेळलायत का. मी म्हटलं, पस्तीस वर्षं नवऱ्याला बोटीसाठी सरळ लाकूड निवडून दिलंय, नजर चांगली आहे. कॉलरचा शर्ट हवा म्हणाली. माझ्याकडे तुझ्या भावाचे सात आहेत.

एका गटात चार जण खेळतात : मी, आपला गवंडी बॉइसी, ढोलवाले मि. कॅलिस्ट आणि तू. प्रत्येकाला सामान वाहायला एक माणूस नेता येतो. म्हणजे आठ. शिवाय दोन बॅटरीच्या गाड्या. दगड एका गाडीच्या मागे चादरीसकट मावतो, मी फितीने मोजून आले. काठ्यांच्या पिशव्यांत काठ्या चारच ठेवायच्या. बाकी सिमेंट, पाणी, रम, तांदूळ. मुलं-नातवंडं फाटकाबाहेर पूर्वजांचं ताट मांडून बसतील.

हर्बर्टचं पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. एवढाल्या माणसांनी एवढंसं भोक आणि त्याच्यावर एवढे कायदे! दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली. कबरस्तान चौदाव्या होलवर आहे, आणि तिथे पोचायचं तर आधीची तेरा खेळावी लागतात, मधूनच शिरता येत नाही. ठीक आहे. पाच वर्षं थांबलो, तेरा होलं काय!

तू थोडा सराव करून ये. हसं आपलं नाही, त्यांचं झालं पाहिजे.

माझी आठवण आणि तब्येत दोन्ही सांभाळ.

तुझी,
वहिनी


हडर्सफील्ड
ता. १४ एप्रिल २००७

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. सराव कर म्हणालीस, मी केला. हर्बर्टने नेलं. पहिल्या दिवशी हवेलाच मारलं. दुसऱ्या दिवशी चेंडू खरंच उडाला, वहिनी, चांगला लांब, तळ्यापलीकडे. मी आनंदाने नाचायला गेले आणि ओल्या गवतावरून घसरले. घोटा दोन ठिकाणी मोडलाय. प्लास्टर मांडीपर्यंत. डॉक्टर म्हणतात विमान नाही, दोन महिने नाही. मुलंही मला टाकून यायला तयार नाहीत.

त्याच्या वेळी मी जिन्यावर बसले होते. आता खाटेवर. दुसऱ्यांदा चुकलं. गेल्या वेळी मी खोटं सांगितलं होतं आणि सगळ्यांनी खरं मानलं. या वेळी खरं आहे आणि मला स्वतःलाच खोटं वाटतं.

तारीख पुढे ढकलू नकोस. त्याला टोपी घालून आणखी बसवू नकोस. एकच भीती वाटते. तुम्ही दगड बसवाल आणि दुसऱ्या दिवशी तो विनफील्ड उपटून बाहेर टाकेल. मग काय करशील?

तळ्यापलीकडे गेलेला चेंडू हर्बर्टने शोधून आणला. सोबत पाठवतेय. माझ्याऐवजी तो ने.

रागावलीस तर रागाव, पण पत्र टाकायचं थांबू नकोस.

तुझी,
क्लेमी


ॲन्स ब्लाँश
ता. २४ मे २००७

चि. क्लेमीस,
अ. उ. आ. वि. वि.

रागावण्यासारखं काही नाही. नाचताना पाय मोडला हे सिप्रियनला कळलं असतं तर त्याने सगळ्या बंदरात सांगितलं असतं. मीही सांगितलं. आता सगळं नीट ऐक.

पंचवीसला दोन वाजता आम्ही फाटकावर. मी सिप्रियनचा निळा शर्ट घातला होता, बाह्या दोनदा दुमडून. चौथं नाव मी खोडलं नाही, यादीत तुझंच राहू दिलं. ऑस्बर्टने गाडीतल्या चादरीकडे पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, आमचं सामान. तो त्या चादरीकडे बघत राहिला. मग त्याने इस्त्रीची टोपी काढली, काखेत मारली आणि फाटक उघडलं. म्हणाला, टँटी, याचाही फॉर्म नाहीये.

तेरा होलं खेळलो. किती फटके ते विचारू नकोस. बॉइसी थापीने गिलावा मारावा तसा मारतो, निम्मं मैदान त्याने उकरलं. मि. कॅलिस्ट प्रत्येक फटक्याआधी चेंडूची माफी मागत होते. उन्हात एकही पाहुणा नव्हता, फक्त आमच्या मागे एकटाच एक म्हातारा परदेशी, भाजलेल्या मानेचा. त्याला आम्ही तीनदा पुढे जायला सांगितलं, पुस्तकात तसं आहे. तो नको म्हणाला, सावलीत उभा राहून बघत राहिला.

चौदाव्याला चुन्याची रेघ ओलांडली. गवत त्यांनी कापलेलं होतं हे मान्य करते, आपण एवढं बारीक कधी कापलं नसतं. दगडावरची चादर मी काढली. ‘सिप्रियन बेथेल. बोटी बांधत असे.’ सात जणांनी हातांनी उचलला, गाडीने नेला नाही कबरीपर्यंत. बॉइसीने पाया भरला. मि. कॅलिस्ट पिशवीच्या बुडावर बोटांनी वाजवत होते, ढोल आणता आला नाही म्हणून. रम ओतली, पाणी ओतलं, तांदूळ टाकले. रम ओतताना प्रत्येकाने नाव घ्यायचं असतं. तुझ्या वाटची रम मी ओतली आणि मोठ्याने म्हटलं, सिप्रियन, क्लेमी आली आहे, पाय मोडून आली आहे.

तेवढ्यात मि. विनफील्ड गाडी दामटत आला. गोडवा घरी विसरला होता. म्हणाला की हे बेकायदा बांधकाम आहे, उद्या सकाळी माणसं लावून काढून टाकू. त्याच क्षणी मागच्या म्हाताऱ्याचा चेंडू टप्पे घेत आला आणि दगडाला टेकून थांबला. म्हातारा चालत आला. दगड वाचला. चष्मा लावून पुन्हा वाचला. मी पुस्तक काढलं, पेन्सिलीची खूण होतीच, आणि विनफील्डला वाचून दाखवलं : जमिनीत पक्की बसवलेली वस्तू हलवायची नाही, खेळणाऱ्याने चेंडू हलवायचा, त्याला दंड नाही.

विनफील्ड म्हणाला की नियम खेळाचे असतात, जमिनीचे नसतात. मी म्हटलं, आज पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं की ही नुसती खेळायची जागा नव्हे.

म्हाताऱ्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टोपी काढली. वाकून चेंडू उचलला, काठीने एक लांबी मोजली, बाजूला टाकला आणि तिथून मारला. जाताना विनफील्डला म्हणाला की इथला नियम पुढच्या वेळी छापून द्या, म्हणजे विचारावं लागणार नाही. हे गृहस्थ तिथे दर वर्षी सहा आठवडे राहतात असं ऑस्बर्टने मागाहून सांगितलं. कराराचं, पुस्तकाचं, माझं जे ऐकलं नाही ते त्या भाजलेल्या मानेचं ऐकलं. मी आभार मानले नाहीत. त्याने नियम पाळला, उपकार केला नाही. आणि टोपी काढली ती सिप्रियनसाठी.

दगड अजून आहे. चार आठवडे झाले. गुण लिहायच्या कागदावर मागच्या बाजूला त्यांनी बारीक अक्षरांत छापलंय : ‘चौदावं होल. दगड पक्का धरावा.’ नाव छापायला शाई पुरली नसावी.

तुझा चेंडू मी दगडाच्या पायथ्याशी ठेवला. पुढच्या बुधवारी गेले तर कोणीतरी हरवलेला समजून उचलून नेला होता. मी झुडपांतून चार शोधून ठेवले. आता दर बुधवारी चारातला एखादा जातो, मी एखादा ठेवते. तुझाच समज.

वाट त्यांनी उघडलेली नाही. म्हणून दर बुधवारी दोन वाजता मी सिप्रियनचा शर्ट घालते, तेरा होलं खेळते, दगडाशी बसून पाणी पिते, आणि उरलेली पाच न खेळताच परत येते. या बुधवारी माझ्या मागे बेटावरचे आणखी तीन गट होते. बॉइसीच्या बायकोकडे तिच्या बापाचा दगड सहा वर्षं अंगणात पडून आहे.

स्वप्नात काल आला होता. डोकं उघडं होतं. टोपी कुठे म्हणून विचारलं, तर दाराकडे हात केला आणि निघून गेला. त्यानंतर मी बराच वेळ जागी होते. पाच वर्षं तो खाटेवर बसलेला असायचा. आता खाट रिकामी आहे.

पाय बरा झाला की ये. कॉलरचे सहा शर्ट अजून आहेत.

तुझ्या वाटचं चौथं नाव दर बुधवारी यादीत आहे, आणि तेवढीच माया इकडे आहे.

तुझी,
युडोरावहिनी