खाल्लेलं टिंब

रविवार, ३ मार्च

ती. दादास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी सातला घरच्या रेडिओ सेटवरून आपलं मोर्समधलं बोलणं झालं आणि मी चहा तसाच ठेवून हे लिहायला बसले. तू पाठवलंस ते सगळं मिळालं, एकही अक्षर सुटलं नाही, आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

चाळीस वर्षं तू मोर्समध्ये L पाठवताना शेवटचं टिंब खातोस. L चा R होतो आणि 'लाली'ऐवजी मला 'रारी' ऐकू येतं. जहाजावर रेडिओ ऑफिसर होतास तेव्हा कप्तानाने यावरून झापलं, तरी तू ढिम्म. आज मात्र 'लाली' आली, सगळी टिंबं एका मापाची. गेल्या रविवारीही तेच. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. चूक सापडली नाही म्हणून भीती वाटायची ही पहिलीच वेळ.

सूनबाईला शिकवून तुझ्या खुर्चीत बसवलं आहेस का? तसं असेल तर तिचं कौतुक आहे, पण मला आधी सांगायला हवं होतंस. मागची तीन पत्रंही छापील आली. खरं काय ते लिहून कळव, फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस.

लोभ आहेच, ही चौकशी त्यातलीच समज.
लाली

रविवार, १० मार्च

चि. लालीस,
अ. उ. आ.

पकडलंस. सूनबाईवर आळ घेऊ नकोस, तिला टिंब आणि डॅश यांतला फरक कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. मी एका बोटाने टाइप करतो आणि मोर्स कॉम्प्युटर वाजवतो. हे पत्र मी सांगतोय, ती टाइप करते आहे.

सहा महिने झाले, उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण वाढत जाईल. शर्टाची बटणं सूनबाई लावून देते, त्याचं मला काही वाटत नाही. पण मोर्स वाजवायच्या खटक्यावर, त्या 'की'वर, हात ठेवला तर एका टिंबाची तीन होतात. भर वादळात ज्या हाताने संदेश पाठवले त्याची ही दशा तुझ्या कानावर पडावी, हे मला सोसलं नाही. म्हणून लपवलं.

तेव्हा मोर्स आता पुरे. नवी डिजिटल पद्धत खरंच चांगली आहे. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात, आपल्याला नुसती खरखर ऐकू येते आणि कॉम्प्युटर त्यातून अक्षरं उपसून काढतो. काल टेबलावरच्या दिव्याएवढ्या शक्तीवर मी पृथ्वीच्या पलीकडचा माणूस गाठला. तुझ्याकडेही बसवून घे.

रागावली असशील तर तेवढं वजा करून लोभ ठेव.
दादा

ता. क. आत्या, हे बाबांनी सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी सेट बंद ठेवून त्या 'की'समोर बसतात. — सून

शनिवार, १६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग रागावले. राग अजून उतरलेला नाही.

डिजिटल पद्धत मी इथल्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबमध्ये पाहून आले आणि थक्क झाले, खोटं कशाला बोलू? पण तिच्यात कळतं काय, तर तू कोण आहेस, किती जोरात ऐकू येतोस आणि राम राम. परक्या माणसाला तेवढं पुष्कळ झालं. तू खुशीत आहेस की कोणावर भडकला आहेस हे मला तुझ्या हातावरून कळतं, आणि मला तेच हवं असतं. एका टिंबाची तीन झाली तर मी तीन मोजीन. लेखकांची कसली कसली अक्षरं लावून दाखवली आहेत मी.

उद्या नाही, पत्र पोचल्यावर पुढच्या रविवारी, २४ तारखेला, सातला स्वतःच्या हाताने पाठव. नाहीतर माझा सेट क्लबला देऊन टाकीन. ही धमकी आहे.

लोभाचं रविवारी बघू.
लाली

रविवार, २४ मार्च

ती. दादास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

एरवी दहा मिनिटांत आटोपतं, आज पन्नास मिनिटं लागली. टिंबं उतरवून तीन कागद भरले, पेन्सिल घेऊन दोनदा जुळवून पाहिले. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहीत नाही. बहुतेक काही लागलं नाही. मध्ये तू वैतागून थांबलास ते कळलं, आणि पुन्हा सुरू केलंस तेव्हा मी इथे एकटीच टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं, दादा.

पक्के मिळाले ते चारच शब्द: 'गोळ्या', 'सूनबाई', 'भीती' आणि अगदी शेवटी 'ये'.

'ये'च्या पुढेही बरंच काही होतं, पण ते एकात एक मिसळलं. मी येते म्हटलं की तू माझ्या गुडघ्यांचं निमित्त काढून नको म्हणतोस, तेव्हा तू 'येऊ नकोस' पाठवलं असशील अशी मला दाट शंका आहे. पण छापखान्यात आमचा नियम असा, की स्पष्ट दिसतं तेवढंच धरायचं, पुढचं मनाने भरायचं नाही. 'ये' स्पष्ट होतं.

तिकीट काढलं आहे. हे पत्र आणि मी बहुधा गुरुवारी बरोबरच पोचू. दार सूनबाईला उघडू देऊ नकोस, तू उघड. कडी काढायला वेळ लागला तरी मी बाहेर उभी राहीन.

लोभाची विनंती या खेपेस समोर बसून करते.
लाली